नेणिवेतून रेघ काढताना: आंद्रे मासोंच्या वाटेनं स्वयंचलित रेखाटन

आंद्रे मासों या फ्रेंच चित्रकाराचं १९२४ सालचं एक रेखाटन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. कागद लहानसा, २३.५ बाय २०.६ सेंटिमीटरचा, आणि त्यावर फक्त काळी शाई. छायाप्रकाश नाही, पार्श्वभूमी नाही. रेघ कुठून सुरू झाली ते सांगता येत नाही. ती धावते, गिरकी घेते, स्वतःलाच ओलांडून जाते आणि त्या गुंत्यातून मध्येच अंगाचा एखादा तुकडा वर येतो. शेजारची रेघ मात्र कशाचीच होत नाही, नुसती रेघ राहते. स्वयंचलित रेखाटन, म्हणजे आधी काही न ठरवता हात जाईल तशी रेघ काढत जाणं, शिकायचं तर या चित्रापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण यात दोन्ही कामं उघड दिसतात: हात मोकळा सोडणं, आणि जे उमटलं त्याच्याकडे बघून कुठे थांबायचं ते ठरवणं. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसरं फारसं कुणी शिकवत नाही, आणि बहुतेकांची रेखाटनं तिथेच फसतात.

हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात सांगतो. आंद्रे ब्रतों हा वैद्यकीचा विद्यार्थी, पुढे कवी आणि अतिवास्तववादी चळवळीचा पुढारी. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्याची नेमणूक सें-दिझिए इथल्या मानसिक आघात झालेल्या सैनिकांच्या केंद्रात झाली. तिथे फ्रॉइडच्या मुक्त साहचर्याच्या पद्धतीशी त्याची गाठ पडली. रुग्णानं मनात येईल ते न गाळता, न सावरता बोलत राहायचं, अशी ती पद्धत. १९१९ मध्ये ब्रतों आणि कवी फिलिप सुपो यांनी हाच प्रयोग हातात लेखणी घेऊन स्वतःवर केला. १९२४ च्या जाहीरनाम्यात ब्रतोंनं अतिवास्तववादाची (सर्रिअॅलिझम, म्हणजे स्वप्न आणि नेणिवेवर भर देणारी कलाचळवळ) व्याख्याच 'शुद्ध मानसिक स्वयंचलन' अशी केली. मासों त्याच युद्धातून आलेला, पण सैनिक म्हणून. एप्रिल १९१७ मध्ये शमँ दे दामच्या आघाडीवर छातीला गंभीर जखम होऊन तो पडला आणि पुढचे कित्येक महिने त्यानं इस्पितळांत काढले. पॅरिसच्या रू ब्लोमेवर त्याचा स्टुडिओ होता, शेजारी चित्रकार जोआन मिरो. तिथे त्याची टाक-शाईची ही रेखाटनं सुरू झाली. युद्धातून परतलेल्या माणसांनी ही पद्धत घडवली हे लक्षात घेतलं, की तिच्याकडे निव्वळ विरंगुळा म्हणून बघवत नाही.

सामान

टाक, साधी निब आणि काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. कॅमलची बाटली कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ही शाई फाउंटन पेनात मात्र भरू नका. ती आत सुकते आणि पेन कायमचं जातं. टाक नसेल तर जेल पेन चालेल. बॉलपेन त्यामानानं अडतं, कारण त्याला दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की मनगट आखडतं. पेन्सिल मी सुरुवातीला अजिबात देत नाही. हातात पेन्सिल आली की डोकं खोडरबर शोधतं, आणि खोडता येणारी रेघ काढणारा माणूस मोकळा होत नाही.

कागद स्वस्त आणि भरपूर हवा. हात गरम करायला ऑफिसातले पाठकोरे कागद घ्या, मुख्य कामाला गुळगुळीत कार्ट्रिज पेपर. हँडमेड पेपर मोहात पाडतो, पण त्याचे तंतू निबेत अडकतात आणि रेघ मध्येच फाटते. शिवाय महागड्या कागदासमोर माणूस जपून वागू लागतो, आणि इथे जपून वागणं हीच अडचण आहे. आकार ए-थ्री घ्यावा. ए-फोरवर हालचाल मनगटातून होते आणि रेघ लिहिल्यासारखी येते. ए-थ्रीवर कोपर आणि खांदा कामाला लागतात. कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपनं बोर्डवर चिकटवून टाका. डावा हात कागद धरण्यात गुंतला की अर्धं अंग पहाऱ्यावर बसतं.

आधी हाताच्या सवयी उपसून काढा

या पायरीबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पाश्चात्त्य पुस्तकं वाचून सराव करणाऱ्यांची गाडी इथेच अडलेली दिसते. 'मन रिकामं करा' असं सांगितलं जातं. मन रिकामं केलंही, तरी हात रिकामा नसतो. आपल्या हाताला फोनवर बोलताना कोयरी काढायची सवय असते. वेल, पाच पाकळ्यांचं फूल, मेंदीतली जाळी, दोन वळणांत होणारा गणपती, स्वतःची सही हे सगळं बोटांत बसलेलं असतं. देवनागरी लिहून लिहून हात डावीकडून उजवीकडे जातो, वरून खाली उतरतो आणि खाली वळण घेतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांच्या हातात तर संकल्पचित्राचं नक्षीकाम इतकं मुरलेलं असतं, की मोकळी रेघ काढायला सांगितली तरी दोन मिनिटांत कागदावर समतोल साधलेली नक्षी तयार होते. दिसायला ती सुंदर असते. नेणिवेचा तिच्याशी काही संबंध नसतो, ते फक्त पाठांतर असतं.

यावर उपाय म्हणजे सवयी दाबू नका, त्या आधी मुद्दाम संपवा. पाठकोऱ्या कागदावर भराभर कोयऱ्या काढा. पान भरून सह्या करा. 'श्री' गिरवा. पाकळ्या, डोळे, चांदण्या, जे हाताला आपोआप येतं ते सगळं काढा, अगदी वीट येईपर्यंत. चार-पाच पानं भरली की हात कंटाळतो आणि कोयरीचं टोक वळवायच्या आधीच भलतीकडे निसटतो. ते निसटणं ओळखायला शिका. त्या क्षणी पाठकोरा कागद बाजूला करून बोर्डवरच्या कोऱ्या कागदाकडे या. मधे चहा नाही, फोन नाही.

मुख्य रेखाटन करतानाही कोयरी परत येईलच. आली तर अर्ध्यात सोडा, तिच्यावरून रेघ आरपार न्या आणि पुढे चला. अगदीच पिच्छा सोडत नसेल तर टाक डाव्या हातात घ्या, किंवा बोर्ड उलटा फिरवून काम चालू ठेवा. डाव्या हाताला अक्षरं येत नाहीत, हाच त्याचा गुण.

रेघ सोडताना

वेळ कोणती निवडायची? पहाटे उठल्या उठल्या, किंवा रात्री दिवसभराची कामं आटोपल्यावर. अंग थोडं थकलेलं असलं तर बरंच. मासों आणि त्याचे सोबती पुष्कळदा अपुऱ्या झोपेनं, उपाशीपोटी काम करत. ते अनुकरण करायची गरज नाही. साधा थकवा पुरतो.

विषय ठरवू नका. टाक दौतीत बुडवा, जास्तीची शाई काठावर निपटून घ्या आणि निब कागदाचा मध्य टाळून कुठेही टेकवा. मधोमध टेकवली की वर्तुळ सुरू होतं आणि वर्तुळातून बाहेर पडणं अवघड जातं. डोळे उघडेच ठेवा, पण नजर निबेवर रोखू नका. कागदाच्या एखाद्या रिकाम्या भागाकडे सैलसर पाहत राहा. वेग किती ठेवायचा? घाईत सही करताना हात जितका पळतो तेवढा. त्याहून कमी वेगात डोकं मधे पडायला सवड मिळते. त्याहून जास्त वेगात सगळी वळणं सारखीच येतात आणि निब कागदात रुतते.

शाई संपली की रेघ पुसट होत थांबेल. सुरुवातीला या थांब्याचा राग येतो, पण टाक वापरण्यामागचं एक कारण हेच आहे. निब पुन्हा बुडवून कागदावर येता तेव्हा आधीच्या टोकाला जोडून घ्यायचा मोह होतो. जोडू नका. हात जिथे उतरेल तिथून पुढे चला. अशा चार-सहा बुडवण्यांत एक कागद होतो, दोन-तीन मिनिटांत. मग टेप काढून तो वाळत ठेवा आणि लगेच दुसरा लावा. पहिल्याकडे बघत बसू नका.

काढता काढता काहीतरी 'दिसू' लागेल: नाक, पाखराची चोच, टाच. नवशिक्याचा हात तिथे थबकतो आणि ते पूर्ण करायला धावतो. या टप्प्यात ते पूर्ण करू नका, आणि मोडूही नका. दिसलं, ठीक आहे, म्हणून पुढे निघा. दिसलेलं टाळण्यासाठी हात मुद्दाम वळवणं हीसुद्धा लुडबुडच. मनात घरची यादी, कुणाशी झालेलं भांडण, एखादं गाणं असं काहीही चालू असू द्या. विचार थांबवायचे नाहीत, त्यांना हातापर्यंत पोचू द्यायचं नाही एवढंच.

समाधीत जायचा हट्टही नको. १९२२ च्या सुमारास ब्रतोंच्या घरी निद्रासत्रं, म्हणजे संमोहनासारख्या झोपेत जाण्याचे प्रयोग, चालत. रने क्रव्हेल आणि रोबेर देस्नोस हे लेखक त्या अवस्थेत बोलत, लिहीत, चित्रं काढत. प्रकार हाताबाहेर जाऊ लागला तेव्हा ब्रतोंनंच ती सत्रं बंद केली. रेखाटताना घाबरल्यासारखं, गुदमरल्यासारखं झालं तर टाक खाली ठेवा, खिडकी उघडा, पाणी प्या. ज्यांचा मानसिक आजारावर उपचार चालू आहे त्यांनी हा सराव डॉक्टरांना विचारून करावा.

पाहणं आणि थांबणं

आता दुसरं काम. मासोंनं स्वतःच्या पद्धतीचे दोन टप्पे सांगितले आहेत. आधी शुद्ध हालचाल, लय, निव्वळ गिरगोटा. त्यानंतर त्यात दडलेली प्रतिमा आपला हक्क सांगू लागते. ती आली की थांबायचं, हा त्याचा आग्रह होता. म्हणजे चित्रकार दुसऱ्या टप्प्यात पूर्ण जागा आहे, पण मालक नाही.

कागद वाळल्यावर निदान एक रात्र जाऊ द्या. मग भिंतीवर हातभर दूर लावा आणि चारही बाजूंनी फिरवून बघा. प्रत्येक बाजूला सारखाच वेळ द्या. ज्या बाजूनं काढलं तीच बाजू वर, असा काही नियम नाही.

मी शिकवतो त्या वर्गातल्या एका कागदाचं उदाहरण देतो. डावीकडे रेघांची दाट गाठ होती, तिच्यातून एक लांब रेघ खाली उतरून तळाशी वळलेली, आणि त्या वळणावर शाईचा थेंब सांडलेला. उजवीकडे तीन सैल फासे आणि बरंचसं रिकामं. सरळ धरला तर गाठ म्हणजे झाडाचा शेंडा वाटत होता, आणि ते इतकं चटकन वाटलं की त्यात दम नव्हता. कागद उलटा केला तेव्हा गाठ खाली आली, लांब रेघ वर चढली आणि थेंब म्हणजे मान मागे टाकलेल्या जनावराचा डोळा झाला. तीन फासे त्याच्या पुढ्यात सुटलेल्या दाव्यासारखे पडलेले. चित्र काढणाऱ्या मुलीनं तिथे फक्त दोन रेघा वाढवल्या: जबड्याखाली एक छोटी, आणि कानाच्या जागी एक, तीही अर्धवट. शिंगं काढायचा मोह तिला होत होता. शिंगं आली असती तर ती म्हैस ठरली असती आणि बाकीचा कागद निरुपयोगी झाला असता. आत्ता ते जनावर आहे, ओरडणारा माणूसही आहे आणि सुटलेलं दावंही आहे.

यातून माझ्या हाताला बसलेला ठोकताळा असा: बघणाऱ्याला एकच नाव सुचेल इथवर प्रतिमा नेऊ नका. शंका असेल तर कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी त्यावर रेघ वाढवून बघा. मूळ कागदावर दोन-चारपेक्षा जास्त रेघा वाढवाव्या लागत असतील तर ते रेखाटन अजून झालेलं नाही. ते गठ्ठ्यात ठेवा आणि नवं काढा. ज्यात काहीच वर येत नाही असे कागद पुष्कळ निघतात. त्यांच्यावर जबरदस्तीनं डोळे-तोंड चिकटवू नका.

दुसऱ्या टप्प्यातली ही नजर तयार करायला रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांसारखी शाळा नाही. त्यांचा अतिवास्तववाद्यांशी संबंध नव्हता, त्यांच्या वाटेनं ते इथे पोचले. १९२४ च्या सुमारास कवितांच्या वहीत खोडलेल्या ओळी ते रेघांनी एकमेकींना जोडत आणि त्या खाडाखोडीतून विचित्र पक्षी, चोचीवाले प्राणी उभे राहत. १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसमध्येच भरलं. घरी करून बघण्याजोगा हा फार चांगला अभ्यास आहे: एखादं जुनं पत्र किंवा वहीचं पान घ्या, नको त्या ओळी जाड शाईनं खोडा, खोडलेले ठोकळे जोडत जा आणि ठोकळा कुठे मान होतो ते बघा.

रेघ सुटतच नसेल तर

काही जणांना कोऱ्या कागदाची भीतीच वाटते. माक्स एर्न्स्ट या अतिवास्तववादी चित्रकारानं त्यावर मार्ग काढला तो १० ऑगस्ट १९२५ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर्निक इथे. समुद्राजवळच्या खाणावळीतली जमीन लाकडी फळ्यांची, घासून घासून तिच्या शिरा वर आलेल्या. त्यानं फळ्यांवर वाटेल तसे कागद टाकले आणि वरून पेन्सिलचं शिसं घासलं. लाकडाच्या शिरांतून जंगलं, प्राणी, समुद्र निघू लागले. या तंत्राला फ्रोताज म्हणतात. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणं आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे. तंत्र तेच, फक्त एर्न्स्ट नाणं दाखवत नव्हता.

पातळ कागद घ्या आणि सिक्स-बी पेन्सिल आडवी धरा. जुनं सागवानी दार, सूप, गोणपाट, किसणी, वाळलेलं पिंपळपान असं काहीही खाली चालेल. हलक्या हातानं घासा आणि मधेच कागद सरकवून दुसऱ्या वस्तूवर न्या. वस्तू ओळखू येईनाशी झाली पाहिजे. पिंपळपान पिंपळपानच राहिलं तर तो नुसता ठसा झाला. दोन पोत एकमेकांत मिसळले की वर सांगितलेलं पाहण्याचं काम सुरू करा. इथे पेन्सिल चालते, कारण रेघ तुमची नसतेच.

चित्रकार ऑस्कर दोमिंगेझचं डेकाल्कोमानी हे तंत्र त्याहून सोपं: गुळगुळीत कागदावर पातळ काळा गॉश (अपारदर्शक जलरंग) फासायचा, दुसरा कागद वर दाबायचा आणि उचलायचा. गुहा आणि प्रवाळासारखे आकार येतात. लवकर सुंदर दिसतं, त्यामुळे लवकर संपतंही. चित्रकार वोल्फगांग पालेननं मेणबत्तीच्या काजळीतून आकार काढले. करायचं असेल तर मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून करा.

मासों स्वतः टाकावर फार काळ समाधानी राहिला नाही. कॅनव्हासवर ब्रश चालवताना रेघेचा वेग मरतो, हे त्याचं दुखणं होतं. १९२६ च्या अखेरीस त्यानं कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर सरस ओतला, वर वाळू टाकली, झटकली आणि उरलेल्या आकारांत रेघा काढल्या, काही ठिकाणी थेट ट्यूबमधून रंग पिळून. आपल्याकडे फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून ते सहज धारेनं ओतता येतं. कागद फुगतो, म्हणून प्लायवूडचा तुकडा घ्या. नदीची वाळू चाळून वाळवून वापरा. समुद्राची असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुऊन मीठ काढा. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

अर्थ लावू का?

हा प्रश्न हटकून येतो. माझं उत्तर: लगेच नको, आणि दुसऱ्याच्या रेखाटनाचा तर कधीच नको. वर्गात कुणाच्या कागदावर सुरी दिसली म्हणून त्याच्या मनात हिंसा आहे असं म्हणणं चुकीचं आहे, आणि त्या माणसाला दुखावणारंही. फ्रॉइडची पद्धतसुद्धा रुग्णाच्या स्वतःच्या बोलण्यावर उभी होती, बाहेरून लावलेल्या शब्दकोशावर नव्हे. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि झोप किती झाली होती एवढं लिहून ठेवा. महिन्याभरानं गठ्ठा पसरला की काय परत परत येतंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

निराशाही येईल. खुद्द ब्रतोंनं १९३३ मध्ये मान्य केलं की अतिवास्तववादातल्या स्वयंचलित लेखनाचा इतिहास हा सततच्या दुर्दैवाचा इतिहास आहे. चित्रकार साल्वादोर दालीला तर हात सोडून देणं अपुरंच वाटलं. मला मात्र मासोंच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची रेखाटनं दालीच्या घोटीव स्वप्नचित्रांपेक्षा अधिक खरी वाटतात. त्यांत चित्रकाराला पुढे काय येणार ते माहीत नव्हतं, हे रेघेत दिसतं.

कागदावरून मोठ्या चित्राकडे

गठ्ठ्यातून एखादं रेखाटन मोठं करायचं झालं तर चौकटी आखून, मोजून ते उतरवू नका. मोजून उतरवलेली मोकळी रेघ मेलेली असते. मिरोनं १९२५ मध्ये काढलेलं 'जगाचा जन्म' हे सुमारे अडीच मीटर उंचीचं चित्र या बाबतीत नीट अभ्यासावं. त्यानं कॅनव्हासला सरसाचा थर मुद्दाम असमान दिला, त्यामुळे पातळ रंग कुठे मुरला, कुठे वर तरंगत राहिला, कुठे ओघळला. ती पार्श्वभूमी आपसूक झालेली. वरचा काळा त्रिकोण आणि लाल वर्तुळ यांची जुळणी मात्र त्यानं वहीत आधी करून ठेवली होती. तुम्हीही असं करा: प्रायमर न दिलेल्या कॅनव्हासवर पातळ केलेला फेव्हिकॉल कुठे दाट, कुठे विरळ लावा, पूर्ण वाळू द्या, वरून पाणीदार रंग ओता आणि कॅनव्हास हलवून तो फिरू द्या. रंग वाळल्यावर मूळ रेखाटन समोर भिंतीवर लावा, ते एकदा डोळे भरून बघा आणि मग त्याच्याकडे पाठ करून, खांद्यातून, एका दमात त्यातल्या दोन-तीन रेघा कॅनव्हासवर काढा.